यंत्राची विचारपूस

दोनला पाच कमी होते आणि लॅबच्या बोळात मुंगीला शिरायला जागा नव्हती. वॉर्डातल्या परिचारिका, नोंदणीच्या खिडकीवरचे कारकून, दोन डॉक्टर, शिवाय रक्त तपासायला आलेले आणि आपण कशाला आलो तेच विसरलेले पाच-सात पेशंट, सगळे टाचा उंचावून सर्व्हरच्या खोलीच्या काचेतून आत डोकावत होते. आत लोखंडी कपाटासमोर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक तिशीचा माणूस डोळे मिटून उभा होता. उजवा तळहात कपाटाच्या दारावर, डावा स्वतःच्या छातीवर.

"हिचा श्वास कोंडलाय," तो हळूच म्हणाला. कुजबुजत बोललं की लोक जास्त ऐकतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "दोन वाजून दहा मिनिटांनी ही बोलणं सोडेल. एक मिनिट अलीकडे नाही, एक मिनिट पलीकडे नाही."

पंधरा मिनिटं कुणी जागचं हललं नाही. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा झाले आणि लॅबच्या पडद्यावर लाल पट्टी आली: वॉर्डशी संपर्क तुटला. बोळातून एक लांबलचक 'अगं बाई' गेला. रुग्णालयाचे संचालक, ज्यांनी आजवर स्वतःच्या हाताने चहाचा कपसुद्धा उचलला नव्हता, ते खुर्ची उचलून त्या माणसासाठी घेऊन आले.

गर्दीच्या अगदी मागे सर्व्हरबाई उभी होती. या रुग्णालयाचे सर्व्हर अकरा वर्षं तीच सांभाळत होती, म्हणून तिचं हे नाव. या क्षणी तिच्या डोक्यात तर्क, विज्ञान, चौकसपणा असलं काही आलं असेल म्हणून तिचं कौतुक करायला जाऊ नका. तिच्या अंगाची लाही लाही होत होती. आत उभा असलेला तो थोर पुरुष तिचा सख्खा धाकटा दीर होता.

आता दुखणं काय होतं ते सांगायला हवं. लॅब एका इमारतीत, वॉर्ड अंगणापलीकडच्या दुसऱ्या इमारतीत, आणि दोन्हीकडे युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा एकेक सर्व्हर. लॅबचा सर्व्हर सकाळी वॉर्डच्या सर्व्हरचं एक ठरलेलं दार ठोठावायचा. त्या दाराला पोर्ट म्हणतात. दार उघडलं की दिवसभर तेच उघडं ठेवून त्यातून एकामागून एक रिपोर्ट जायचे. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. आणि गेल्या दोन महिन्यांपासून दार मध्येच धाडकन बंद व्हायला लागलं. मग रिपोर्ट लॅबमध्ये साचायचे, आणि सर्व्हरबाई धावत येऊन हाताने सगळं पुन्हा सुरू करेपर्यंत कुणीतरी कागद घेऊन अंगणातून पळत सुटायचं.

तिने काय काय करून पाहिलं नाही! लॅबच्या सर्व्हरची नोंद काढली, तर तो म्हणे, वॉर्डवाल्याने दार लावलं. वॉर्डवाल्याची काढली, तर तो म्हणे, लॅबवाल्याने लावलं. दोन जावांचं भांडण निस्तरायला बसावं तसं झालं होतं. पोर्ट तपासावा तर टक्क उघडा. ती समोर ठाण मांडून लटके रिपोर्ट पाठवत बसली की सगळं सुरळीत, आणि दुपारी डबा खायला उठली की झालंच. दोन इमारतींच्या मधे नवी फायरवॉल बसवली होती, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या निरोपांवर पहारा करणारी पेटी, पण तिचा कारभार बाहेरच्या कंत्राटदाराकडे. त्याला विचारलं की छापील उत्तर यायचं: आमच्या बाजूने सर्व ठीक आहे.

अशा वेळी दीर उगवला. हा गृहस्थ आजवर कुठे टिकला नव्हता. मोबाईलचं दुकान झालं, क्लास काढून झाले, मधे काही महिने कुठल्याशा कंत्राटदाराकडे नोकरीही झाली. कुठल्या, ते विचारायचे कष्ट सर्व्हरबाईने घेतले नव्हते, कारण हेही महिन्यात आटोपणार याची तिला खात्री होती. त्यानंतर त्याने 'यंत्रोपचार' सुरू केले. यंत्राला हात लावून दुखणं ओळखायचं. संचालकांच्या बायकोच्या कानावर ते गेलं आणि तिथून संचालकांच्या.

तर त्या दिवशी लाल पट्टी आल्यावर दिराने खुर्चीत बसून उपाय सांगितला. यंत्र म्हणजे जीवच, तो म्हणाला. आत मदरबोर्ड असतो म्हणता ना, मग माता आलीच की. तिला दिवसभर राबवता आणि दोन शब्द बोलत नाही, म्हणून ती रुसते. तेव्हा दर अर्ध्या तासाने तिची विचारपूस करायची. लॅबच्या पडद्यावर रिपोर्टचा कोरा अर्ज उघडायचा, पेटीवर उजवा तळहात ठेवून डोळे मिटायचे, मनापासून 'बरी आहेस ना' असं तीनदा विचारायचं, आणि तो कोरा अर्ज वॉर्डाकडे धाडून द्यायचा. ही सेवा लॅबमावशींकडे आली. मावशी म्हणजे लॅबमधल्या सर्वांत जुन्या तंत्रज्ञ. अकरा वर्षं त्या सर्व्हरबाईच्या शेजारी बसून डबा खात आल्या होत्या.

आणि काय सांगावं, दार बंद व्हायचं थांबलं! एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सलग सहा आठवडे.

लोकांनी दिराचं नाव 'हातगुणेसर' ठेवलं. तो आठवड्यातून दोनदा यायचा, कपाटांवरून हात फिरवायचा, कुणाचा लॅपटॉप, कुणाच्या मुलाचा फोन, सगळ्यांवर उपचार करायचा. लॅबमावशी आता त्याच्यासाठी डबा आणायला लागल्या. पहिल्या दिवशी सर्व्हरबाई नेहमीच्या बाकावर एकटी जेवली, तेव्हा अर्धा डबा तसाच घरी परत गेला. घरी तर विचारूच नका. सासूबाई येईल त्याला सांगायच्या, धाकट्याने अख्खं रुग्णालय वाचवलं. थोरली सून तिथेच भाजी चिरत उभी असायची. पोटातलं दुखणं कुणाला दाखवता येतं का? तिलाही आलं नाही.

मग एक दिवस संचालकांनी बोलावून गोड आवाजात सांगितलं की एक तारखेपासून सर्व्हरच्या खोलीचा ताबा हातगुणेसरांकडे जाईल आणि तिने त्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून राहावं. "शेवटी घरातल्या घरातच आहे," असंही वर म्हणाले. अकरा वर्षं जी खोली तिने स्वतःच्या हाताने पुसली, जिथली एकेक तार ती डोळे झाकून ओळखायची, ती आता भाऊजींना विचारून उघडायची होती. तारखेला तीन आठवडे उरले होते.

मत्सराने माणूस आंधळा होतो म्हणतात. सर्व्हरबाई आंधळी तर झालीच, वर आडमुठीही झाली. भाऊजींच्या पिशवीत काहीतरी यंत्र असणार, हे तिच्या मनाने घेतलं. दुरून तार तोडणारं, जोडणारं, काहीतरी. एका दुपारी बोळात सगळ्यांदेखत तिने त्याची पिशवी ओढली आणि टेबलावर उपडी केली. आतून जेवणाचा डबा निघाला, घडी केलेला रुमाल निघाला आणि आईच्या गुडघ्यांसाठी घेतलेलं मलम निघालं. दीर नुसतं केविलवाणं हसला. ते हसू सगळ्यांत वाईट होतं. बोळातला एकजण दुसऱ्याला म्हणाला की बाई जळते, आणि ते तिला स्पष्ट ऐकू आलं. रात्री जेवताना नवराही तेच म्हणाला, फक्त जरा सभ्य शब्दांत.

ती जळत होती, हे खरंच होतं. पण जळणाऱ्या माणसाचं म्हणणं चूकच असतं असं थोडंच आहे?

त्यानंतरच्या आठवड्यात ते घडलं. वॉर्डातल्या एका पेशंटच्या रक्तातलं पोटॅशियम भलतंच वाढलं होतं, आणि तो रिपोर्ट पन्नास मिनिटं लॅबमध्येच अडकून पडला. दार बंद झालं होतं आणि कुणी पडद्याकडे पाहिलंच नव्हतं. सहा आठवडे काही बिघडलं नाही, मग पाहायचं कशाला? वॉर्डच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू केले म्हणून निभावलं. हातगुणेसर आले, कपाटाला हात लावला, डोळे मिटले आणि म्हणाले की विचारपूस करणाऱ्याच्या मनात किल्मिष होतं. सगळ्यांनी लॅबमावशींकडे पाहिलं.

मावशी भांडारघरात जाऊन रडत बसल्या. सर्व्हरबाई तिथे गेली ती, खोटं कशाला बोला, थोडी खूश होऊनच गेली होती. बरी जिरली, असं तिच्या मनात आलं होतं. पण चाळीस वर्षं नेमकेपणाने काम केलेली बाई डोळ्यांना पदर लावून स्वतःच्या मनातली घाण शोधत बसलेली पाहिली आणि ती खुशी कुठल्या कुठे गेली.

"मी सगळं केलं गं," मावशी म्हणाल्या. "एक वाजून दहा मिनिटांनी हात ठेवला, डोळे मिटले, तीनदा विचारलं. अगदी जीव ओतून विचारलं. माझं मन कुठेच नव्हतं दुसरीकडे."

"आणि अर्ज धाडला?"

मावशी आठवायला लागल्या. डोळे उघडतात न उघडतात तोच वॉर्डातून फोन आला होता, रक्त घ्यायची नळी घेऊन लगेच या म्हणून. त्या तशाच उठून गेल्या होत्या. अर्ज धाडायचा राहिला होता. पण ते तर नुसतं शेवटचं बटण होतं, सेवा तर सगळी झाली होती ना?

सर्व्हरबाई त्यांचा हात धरून त्यांना लॅबमध्ये घेऊन आली. पडद्यावर शेवटी पाठवलेल्या रिपोर्टची वेळ होती: बारा चाळीस. दार बंद झाल्याची वेळ: एक चाळीस. तिने स्वतःची जुनी वही काढली, त्यात दार बंद झाल्याची प्रत्येक वेळ लिहिलेली होती. त्याआधीचा शेवटचा रिपोर्ट कधी गेला, हे मात्र तिने एकदाही लिहिलं नव्हतं. दोघी शेजारी बसल्या, मावशी लॅबच्या नोंदीतून वेळ वाचत गेल्या आणि सर्व्हरबाई वहीत लिहीत गेली. सतरा नोंदी होत्या. सतराही वेळा शेवटच्या रिपोर्टनंतर बरोबर साठ मिनिटांनी दार बंद झालं होतं.

सकाळी रिपोर्टांची रीघ असते तेव्हा काही होत नाही. दुपारी काम थंडावतं, तासभर कुणी काही पाठवत नाही, आणि मग दार बंद. ती लटके रिपोर्ट पाठवत बसायची तेव्हा म्हणूनच काही व्हायचं नाही. आणि लॅबवाला म्हणतो वॉर्डवाल्याने लावलं, वॉर्डवाला म्हणतो लॅबवाल्याने. दोघंही खरं बोलत असतील तर लावणारा तिसराच, मधे बसलेला. मधे एकच गोष्ट होती, ती पहारा देणारी पेटी. सर्व्हरबाईने कपाळावर हात मारून घेतला.

शुक्रवारी दुपारी तिने संचालकांना, डॉक्टरीणबाईंना आणि हातगुणेसरांना लॅबमध्ये बोलावलं. इतर मंडळी न बोलावता आली. पाच वाजेपर्यंत खरे रिपोर्ट कागदावरच पोचवायची सोय तिने आधीच करून ठेवली होती. तिने फळ्यावर लिहिलं, 'तीन वाजता'. दोन वाजता सगळ्यांसमोर एक कोरा अर्ज वॉर्डाकडे पाठवला आणि सांगितलं की यानंतर अडीच वाजता पूर्ण विचारपूस होईल, हात, डोळे, तीन प्रश्न, सगळं. फक्त अर्ज धाडायचा नाही. विचारपूस भाऊजींनी स्वतःच करावी, म्हणजे किल्मिषाचा प्रश्न नको.

दिराचा चेहरा उतरला. आज स्पंदनं जुळत नाहीत, तो म्हणाला. संशयी वातावरणात माता बोलत नाही. शिवाय शुक्रवार. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की गेल्या शुक्रवारी त्याने एक्स-रेच्या यंत्रावर उपचार केले ते कसे, तर तो आपली पिशवी आवरायला लागला. शेवटी मावशीच उठल्या. त्यांनी हात ठेवला, डोळे मिटले आणि तीनदा विचारलं, इतक्या मायेने की एका कारकुनाच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्ज मात्र धाडला नाही. तीन वाजता लाल पट्टी आली.

सर्व्हरबाईने सगळं पुन्हा सुरू केलं आणि सफाईवाल्या मामांना बोलावलं. साडेतीन वाजता मामा झाडू काखेत धरून आले, पायांत ओले बूट, आणि पडद्यासमोर उभे राहून त्यांनी यंत्राला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तळहात नाही, डोळे मिटणं नाही. फक्त अर्ज धाडला आणि निघून गेले. चार वाजता पुन्हा तेच, साडेचारला शिव्या जरा वाढल्या. पाच वाजले तरी दार सताड उघडं. बोळातले लोक हसून हसून भिंतीला टेकले होते.

मग तिने साध्या शब्दांत समजावलं. मधली पेटी तासभर एखाद्या दारातून काही गेलं नाही की ते रिकामं समजून बंद करते, आणि लॅबला वॉर्डाच्या नावाने, वॉर्डाला लॅबच्या नावाने निरोप देते की समोरच्याने बोलणं संपवलं. युनिक्स सर्व्हरला 'आहेस का' असं विचारायची सवय मुळातच असते, पण तो दोन तास गप्प राहिल्यावर विचारतो. तोवर पेटीने दार लावलेलं असतं. कोरा अर्ज गेला की पेटीला वाटतं, दार वापरात आहे. एवढंच. माया, तळहात आणि माता यांचा त्यात काही भाग नाही. तिने सर्व्हरची ती दोन तासांची मुदत दहा मिनिटं केली आणि सांगितलं की आजपासून कुणी काही विचारायची गरज नाही, तो आपणहून विचारेल.

"म्हणजे तुम्हाला हे ठाऊक होतं?" संचालकांनी दिराला विचारलं. पहिल्यांदाच त्यांनी 'सर' म्हटलं नव्हतं.

दीर खाली पाहत म्हणाला की पेटीत तासाचा आकडा त्यानेच भरला होता, कंत्राटदाराच्या कचेरीत बसून. पेटी या रुग्णालयात आली हे कळलं, दुखणं ऐकलं, आणि एका क्षणात उमगलं. पहिल्या दिवशी मावशींच्या पडद्यावर शेवटच्या रिपोर्टची वेळ पाहिली, एक दहा. त्यात एक तास मिळवला.

"मग मला का नाही सांगितलंत, भाऊजी?"

"तुम्हाला?" तो म्हणाला. "अकरा वर्षं आई मला उठता बसता ऐकवते, वहिनीकडे बघ, वहिनीकडून शीक. एकदा तरी तुम्हाला अडलेलं बघायचं होतं मला."

"मला तर त्यांनी कधी एका शब्दाने शाबासकी दिली नाही," सर्व्हरबाई म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. अकरा वर्षं एका घरात राहून दोघंही एकाच बाईच्या तोंडच्या कौतुकासाठी जळत होते, आणि त्यापायी एका पेशंटचा जीव पन्नास मिनिटं टांगणीला लागला होता. दिराला हे डॉक्टरीणबाईंनी सुनावलं, चांगलं खडसावून सुनावलं. मावशींसमोर उभं राहून त्याला माफी मागावी लागली. त्यानंतर तो तिथे आला नाही.

खोलीचा ताबा सर्व्हरबाईकडेच राहिला. सोमवारी संचालक म्हणाले की बाई, हातगुण खरा तुमचाच. एक परिचारिका फोन घेऊन आली, जरा हात लावता का म्हणून. दोन मिनिटं, फार तर तीन, सर्व्हरबाईला ते इतकं गोड लागलं की काय सांगावं. मग ती स्वतःवरच चिडली. तिने दार का बंद होतं, कसं ओळखायचं आणि कोणता आकडा कुठे बदलायचा, हे सगळं एका कागदावर लिहून लॅबच्या भिंतीला चिकटवलं, आणि लॅबमावशींना बसवून त्यांच्याच बोटांनी तो आकडा एकदा मोडून पुन्हा बसवून घेतला. ती रजेवर असली तरी काम अडू नये म्हणून. तिची गरज थोडी कमी झाली, हे तिला कळत होतं आणि जरा लागतही होतं.

कागदाच्या शेवटी तिने चार ओळी जास्त लिहिल्या. यंत्र रुसत नाही. जे काम एकाच्याच हाताने होतं असं सांगतात, ते दुसऱ्याच्या हाताने करून बघा, आणि एकेक गोष्ट गाळून बघा. बिघडलं कधी ते सगळेच लिहितात. नीट चाललेलं शेवटचं कधी होतं, तेही लिहा. आणि ज्याच्यावर तुम्ही जळता, त्याला प्रश्न विचारायला लाजू नका.

ही शेवटची ओळ कुणाला समजली नाही. मावशींनी विचारलं तेव्हा ती म्हणाली की त्या पहिल्या दिवशी ती गर्दीच्या मागे उभी होती, आणि दीर तिला वहिनी म्हणतो, दुसऱ्या कुणाला दिलं नसतं तरी तिने विचारलं असतं तर त्याला उत्तर द्यावंच लागलं असतं. 'भाऊजी, तुम्हाला वेळ कशी कळली?' एवढे पाच शब्द तर होते. पण त्याला विचारायचं म्हणजे त्याला कळतं असं कबूल करणं आलं, आणि ते तिच्या जिवावर आलं होतं.